अमेरिकेतल्या ख्रिस्ती विद्यापीठातून पीए कसं व्हायचं

मी अमेरिकेत पीए आहे, म्हणजे डॉक्टरांसोबत रुग्ण तपासणारी, उपचार करणारी. गेल्या काही वर्षांत एकच प्रश्न मला फिरून फिरून येतो. विचारणारी कधी नवऱ्याच्या नोकरीमुळे एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर आलेली, बीएएमएस झालेली मैत्रीण असते, कधी इथेच जन्मलेल्या मुलीची आई. “तुम्ही पीए आहात ना? आणि ख्रिश्चन युनिव्हर्सिटीत शिकलात ना? आपल्याला घेतात तिथे? धर्मबिर्म बदलायला लावत नाहीत ना?”

धर्म बदलायला कोणी लावत नाही. मी सत्तावीस महिने रोज सकाळी देवापुढे दिवा लावून अशा एका विद्यापीठात जात होते. पण प्रवेश घेण्याआधी तिथले काही कागद ओळ न ओळ वाचावे लागतात, आणि एक गोष्ट मनाशी पक्की करावी लागते: आपण जे नाही ते असल्याचं दाखवायचं नाही. अर्जात नाही, मुलाखतीत नाही, रुग्णाच्या खाटेपाशी तर नाहीच. हे मला वेळेवर कोणी सांगितलं असतं तर माझा बराच गोंधळ टळला असता. म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

आधी हे काम काय आहे ते कळून घ्या

पीए म्हणजे फिजिशियन असिस्टंट. २०२१ साली पीएंच्या राष्ट्रीय संघटनेने ‘फिजिशियन असोसिएट’ हे नाव स्वीकारलं, तरी बहुतेक राज्यांच्या परवान्यावर जुनंच नाव आहे. ‘असिस्टंट’ ऐकलं की आपल्या लोकांना कंपाउंडर आठवतो. तसं ते नाही. पीए रुग्णाची हकीकत घेते, तपासते, निदान करते, पन्नासही राज्यांत औषधं लिहून देते, ऑपरेशनमध्ये सर्जनसमोर उभी राहून टाके घालते. मात्र डॉक्टरांच्या टीममध्ये राहून. ज्याला शेवटचा शब्द आपलाच हवा असतो त्याने या वाटेला येऊ नये, त्याची घुसमट होते.

१९६५ साली ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी नौदलात वैद्यकीय काम केलेल्या चौघांना घेऊन हा अभ्यासक्रम सुरू केला. १९६७ मध्ये त्यांतले तिघे पास होऊन बाहेर पडले. लगेच १९६८ साली वेस्ट व्हर्जिनियातल्या फिलिपी या छोट्या गावातल्या अल्डरसन-ब्रॉडस या बॅप्टिस्ट कॉलेजने पीएचा पहिला चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम काढला. म्हणजे ख्रिस्ती कॉलेजं या व्यवसायात अगदी सुरुवातीपासून आहेत. डॉक्टर नसलेल्या डोंगराळ भागात, खेड्यापाड्यांत उपचार पोचवणं हे त्यांना आपलंच काम वाटलं.

कमाईही चांगली आहे. अमेरिकी कामगार खात्याच्या मे २०२४ च्या आकड्यांनुसार पीएचं मध्यम वार्षिक वेतन १,३३,२६० डॉलर होतं.

आता आपल्या लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज. भारतातली एमबीबीएस, बीएएमएस, बीएचएमएस किंवा फिजिओथेरपीची पदवी दाखवून थेट पीएची परीक्षा देता येत नाही. भारतातला पीएचा कोर्स केला असला तरी नाही. तो १९९२ पासून आहे, चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी सुरू केला, पण अमेरिकेत परीक्षेला बसायला एआरसी-पीए या मंडळाने मान्यता दिलेल्या अमेरिकी अभ्यासक्रमातूनच पदवी लागते. ‘‘तुम्ही तर डॉक्टर आहात, सहा महिन्यांत करून देतो’’ असं सांगणारा कोणी भेटला तर त्याला पैसे देऊ नका. एमबीबीएस झालेल्यांनी डॉक्टरकीच्या परीक्षा आणि रेसिडेन्सीचा रस्ता आधी नीट तपासावा. वेळ तिकडेही लागतो, पण जुनी पदवी वाया जात नाही.

‘ख्रिस्ती’ म्हणजे नक्की कोणतं?

इथे खूप जण घाई करतात. ख्रिस्ती विद्यापीठ हा एकच प्रकार नाही. कॅलिफोर्नियातलं लोमा लिंडा अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाचं. रिव्हरसाइडचं कॅलिफोर्निया बॅप्टिस्ट, नावातच पंथ. नॅशव्हिलचं ट्रेव्हेका नॅझरीन. आर्कान्साच्या सर्सी गावातलं हार्डिंग हे चर्चेस ऑफ क्राइस्टचं. मिलवॉकीचं मार्केट (Marquette) आणि ओमाहाचं क्रेटन ही जेझुइट कॅथलिक, मिनियापोलिसचं ऑग्सबर्ग लूथरन. या सगळ्यांकडे पीएचा अभ्यासक्रम आहे, आणि रोजच्या जगण्यात प्रत्येकाची तऱ्हा वेगळी.

अ‍ॅडव्हेंटिस्टांचंच घ्या. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी सूर्य मावळेपर्यंत त्यांचा शब्बाथ. त्या वेळात वर्ग नाहीत, परीक्षा नाहीत. दारू-सिगारेट वर्ज्य. आणि लोमा लिंडाच्या कॅन्टीनमध्ये जेवण शाकाहारी असतं, हे ऐकून माझ्या ओळखीच्या एका सदाशिव पेठेतल्या आजींनी नातीला तिथेच पाठवायचं ठरवून टाकलं होतं. पुणेकरांना हा पंथ तसा परका नाही. औंध रस्त्यावरचं स्पायसर कॉलेज आणि तिथला गव्हाचा ब्रेड याच लोकांचा.

मी सांगलीकडची. आमच्याकडे मिरजेचं ‘मिशन हॉस्पिटल’ म्हटलं की आजही लोक आदराने बोलतात. ते वॉनलेस हॉस्पिटल, अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये उभं केलेलं. माझ्या आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तिथे झालं होतं. नर्सबाई ऑपरेशनआधी डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या आणि मग आजीला म्हणाल्या, “मावशी, तुम्हीपण तुमच्या देवाचं नाव घ्या.” आजीने विठ्ठलाचं घेतलं. हा प्रसंग मी लहानपणी कितीतरी वेळा ऐकला होता. पुढे तोच माझ्या उपयोगी पडला, ते मुलाखतीच्या वेळी सांगते.

आता कागद. ख्रिस्ती विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तीन वेगवेगळ्या गोष्टी सापडतात आणि त्या एकमेकींत मिसळू देऊ नका.

पहिली, ध्येयवाक्य. विद्यापीठ काय मानतं ते त्यात असतं. तुमच्या सहीचा प्रश्न नाही. पण तुम्हाला त्याचा मान ठेवता येतो का, एवढा आहे.

दुसरी, श्रद्धेचं निवेदन, म्हणजे येशूवर माझी अशी अशी श्रद्धा आहे असं लिहून देणं. पुष्कळ ठिकाणी ते फक्त प्राध्यापकांकडून घेतात. काही ठिकाणी विद्यार्थ्यांकडूनही मागतात. तिथे, तुमची श्रद्धा तशी नसेल, तर अर्ज करू नका. खोटी सही करून मिळालेल्या जागेवर अडीच वर्षं बसणं फार जड जातं.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, आचारसंहिता. तिथे ‘कम्युनिटी कव्हनंट’ किंवा असंच काही नाव असतं. दारू, तंबाखू, लग्नाबाहेरचे संबंध, लग्नाशिवाय एकत्र राहणं, समलिंगी संबंध याबद्दलचे नियम त्यात असतात. काही ठिकाणी ते फक्त कॅम्पसपुरते, काही ठिकाणी घरीसुद्धा. धार्मिक संस्थांना अमेरिकी कायद्यात काही सवलती आहेत, त्यामुळे ‘‘असा नियम चालतच नाही’’ असं गृहीत धरू नका. तुमचं मूल समलिंगी असेल तर हा कागद त्याच्यासोबत बसून वाचा आणि निर्णय त्याच्यावर सोडा. आईबापांना शहर आवडलं म्हणून मुलाने दोन वर्षं स्वतःला लपवून जगावं, असं कोणत्याही पदवीसाठी होऊ नये.

चॅपलची, म्हणजे कॉलेजातल्या सामूहिक प्रार्थनेची, हजेरी बहुधा पदवीपूर्व विद्यार्थ्यांना सक्तीची असते, पीएच्या विद्यार्थ्यांना अनेक ठिकाणी सूट असते किंवा आठवड्यातून एकदाच जावं लागतं. बायबलचा किंवा धर्म आणि आरोग्य अशा विषयाचा एखादा कोर्स लागू शकतो. प्रवेश कार्यालयाला सरळ ईमेल करा: ‘मी हिंदू आहे. तुमच्याकडे इतर धर्मांचे विद्यार्थी असतात का? माझ्याकडून काय अपेक्षा असेल?’ मी असं केलं होतं. दोन ठिकाणांहून मनापासून लिहिलेलं उत्तर आलं. एका ठिकाणाहून गोल गोल आलं, तिथे मी अर्ज केला नाही.

कॉलेज निवडताना चार गोष्टी

धर्म बाजूला ठेवून आता व्यवहाराचं.

एआरसी-पीएच्या यादीत त्या अभ्यासक्रमाची मान्यता कोणत्या प्रकारची आहे ते बघा. नव्या अभ्यासक्रमांना तात्पुरती असते, जुन्यांना चालू. ‘प्रोबेशन’, म्हणजे मान्यता धोक्यात असल्याचा शेरा, दिसला तर कारण विचारा आणि समाधान झाल्याशिवाय पैसे भरू नका.

पॅन्स या परवाना परीक्षेत पहिल्या प्रयत्नात किती जण पास झाले, हा मागच्या पाच वर्षांचा तक्ता प्रत्येक कॉलेजला जाहीर करावा लागतो. त्याच्याच शेजारी किती विद्यार्थी मधेच गळाले याचा तक्ता असतो. दोन्ही एकत्र वाचा. पन्नास घेतले, आठ गाळले आणि उरलेले सगळे पास, याला शंभर टक्के म्हणणं मला पटत नाही.

क्लिनिकल रोटेशनच्या, म्हणजे वेगवेगळ्या विभागांत आळीपाळीने प्रत्यक्ष रुग्णांवर शिकण्याच्या, जागा कॉलेज लावून देतं की तुम्हाला शोधायला लावतं? आणि कॉलेजची आर्थिक तब्येत कशी आहे? हा शेवटचा प्रश्न छोट्या ख्रिस्ती कॉलेजांच्या बाबतीत नक्की विचारा. वर ज्याचं नाव घेतलं ते अल्डरसन-ब्रॉडस, जिथे १९६८ चा इतिहास घडला, ते २०२३ मध्ये कर्जाखाली बंद पडलं. पदव्या देण्याचा अधिकार राज्याने काढून घेतला आणि विद्यार्थ्यांना ऐन ऑगस्टच्या तोंडावर दुसरीकडे धावावं लागलं. विद्यार्थीसंख्या घटते आहे का, विभाग बंद होताहेत का, हे स्थानिक वर्तमानपत्रात दिसतं. शोधा.

मूल अजून शाळेत असेल तर बारावीनंतर थेट प्रवेश देणारे एकत्रित अभ्यासक्रमही आहेत. कॅथलिक विद्यापीठांपैकी ईरीचं गॅनन आणि न्यू जर्सीचं सीटन हॉल ही त्यांतली ओळखीची नावं. पण सतरा वर्षांच्या मुलाला हेच काम करायचं आहे याची खात्री असेल तरच.

विषय आणि तास

पीएला प्रवेश घ्यायला कोणतीही पदवी चालते, पण काही विषय झालेले लागतात: प्रयोगशाळेसह शरीररचना आणि शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र, बहुतेकदा सेंद्रिय किंवा जैवरसायन, संख्याशास्त्र, मानसशास्त्र. अनेक कॉलेजं हे विषय गेल्या पाच-दहा वर्षांतले आणि अमेरिकेतच केलेले मागतात. भारतातली गुणपत्रिका तपासून घेतली तर पदवी मान्य होते, पण विषय मान्य होतीलच असं नाही. भारतात शिकताना मी शरीररचनेत पहिली आले होते. तरी कम्युनिटी कॉलेजात पुन्हा बसले. फी कमी, संध्याकाळचे वर्ग, आणि इंग्रजीतून रुग्णाशी बोलण्याची भीती तिथेच गेली.

गुणांची सरासरी ४ पैकी ३ ही बहुतेक ठिकाणची किमान अट. प्रत्यक्ष प्रवेश मिळणाऱ्यांची साधारण साडेतीनच्या पुढे असते. एखादा विषय पुन्हा देऊन गुण वाढवलेत तरी केंद्रीय अर्जात दोन्ही गुण धरले जातात, जुना पुसला जात नाही.

पण अर्ज तरतो की बुडतो तो रुग्णसेवेच्या तासांवर. कुठे ५०० तास मागतात, कुठे २०००. रुग्णाला प्रत्यक्ष हात लावून केलेलं काम वेगळं मोजतात आणि रिसेप्शन किंवा बिलिंग वेगळं. नर्सिंग असिस्टंट, रुग्णवाहिकेवरचा ईएमटी, मेडिकल असिस्टंट, रक्त काढणारा फ्लेबोटॉमिस्ट ही पहिल्या गटातली कामं. डॉक्टरांच्या नोंदी टाइप करणाऱ्या स्क्राइबचे तास काही कॉलेजं धरतात, काही नाही, आधी विचारा.

मी नर्सिंग असिस्टंटचा कोर्स केला. अमेरिकी केंद्र सरकारच्या नियमाप्रमाणे तो किमान ७५ तासांचा असतो, बऱ्याच राज्यांत जास्त. मग वृद्धाश्रमात रात्रपाळी. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर माकडहाडापाशी कातडी लाल होते, मग फुटते. एका आजोबांना पायांखालची उशी टाच अधांतरी राहील अशीच लागायची. जरा चुकली की ते बोलू शकत नसल्यामुळे नुसते भुवई उचलायचे. फिजिओथेरपीची पदवी असून मी बेडपॅन का उचलते, असं माहेरी विचारलं गेलं. आज एखाद्या मधुमेह्याची टाच मी मोजा काढून बघितल्याशिवाय सोडत नाही, ती सवय त्या रात्रपाळीतली आहे.

एच-फोरवरच्या मैत्रिणींसाठी: शिकता येतं, पण कामाचा परवाना हातात नसेल तर पगारी नोकरी करता येत नाही. तेव्हा हॉस्पिस (शेवटच्या आजारातल्या रुग्णांची सेवा), मोफत दवाखाना, स्वयंसेवी रुग्णवाहिका अशा ठिकाणी खऱ्याखुऱ्या स्वयंसेवकाच्या जागेवर तास जमवा. जिथे इतरांना पगार देतात ते काम ‘फुकट करते’ म्हणून घेऊ नका, व्हिसाला धोका होतो. तारीख, तास, काय केलं आणि कोणाच्या देखरेखीखाली, याची वही पहिल्या दिवसापासून ठेवा.

अर्ज आणि मुलाखत

बहुतेक कॉलेजं ‘कॅस्पा’ या केंद्रीय अर्जातून प्रवेश देतात. नवं वर्ष एप्रिलच्या शेवटी उघडतं. जागा जसजशा अर्ज येतील तसतशा भरत जातात, म्हणून अंतिम तारीख सप्टेंबर असली तरी जूनमध्ये अर्ज गेलेला बरा. गुणपत्रिका तपासण्यात काही आठवडे जातात. कुठे तारीख ‘अर्ज पाठवला’ याची असते तर कुठे ‘तपासून झाला’ याची, हा फरक डोळ्यांत तेल घालून बघा. शिफारसपत्रं बहुधा तीन. त्यांतलं एक तरी तुमचं काम पाहिलेल्या पीएचं असावं.

निबंधाला ५,००० अक्षरांची मर्यादा आहे, मोकळ्या जागा धरून. तो सगळ्या कॉलेजांना एकच जातो, म्हणून त्यात एखाद्या विद्यापीठाची स्तुती नको. ख्रिस्ती विद्यापीठं त्यानंतर आपला वेगळा प्रश्न पाठवतात: तुमच्या श्रद्धेचा तुमच्या कामाशी काय संबंध? आमच्या ध्येयाशी तुम्ही कसे जुळता?

इथे आपली माणसं दोन चुका करतात. एक, ‘मला येशूविषयी लहानपणापासून ओढ आहे’ असं काहीतरी रचून लिहितात. वाचणारे आयुष्यभर चर्चमध्ये गेलेले असतात, त्यांना ते दुसऱ्या वाक्याला कळतं. दुसरी, ‘सगळे धर्म सारखेच’ असं लिहून मोकळे होतात. आपण ते चांगल्या मनाने म्हणतो, पण ज्याने आपल्या धर्मावर आयुष्य लावलंय त्याला वाटतं, याने विचारच केला नाही.

मी मिरजेची गोष्ट सांगितली. आजीची, नर्सबाईंची, विठ्ठलाची. आणि पुढे एवढंच म्हणाले, “त्या बाईंनी स्वतःचा देव सोडला नाही आणि माझ्या आजीला तिचा सोडायला लावला नाही. मला तशी रुग्णसेवा करायची आहे. तुमच्याकडे ती शिकवत असाल तर मला यायला आवडेल.” समोरच्या तिघांपैकी एक वयस्कर प्राध्यापक बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी मिरज नकाशावर कुठे आहे ते विचारलं.

तुमच्याकडे तुमची गोष्ट असेल. गाडगेबाबांची असेल, गुरुद्वारातल्या लंगरची असेल, देव न मानणाऱ्या पण गावातल्या प्रत्येक बाळंतिणीकडे धावून जाणाऱ्या आत्याची असेल. ती खरी असू दे.

पैसे आणि व्हिसा

ख्रिस्ती विद्यापीठं खाजगी असतात. नुसती शिकवण्याची फी लाख डॉलरच्या आसपास किंवा वर जाते, राहणं-खाणं वेगळं, आणि या काळात नोकरी करू नका असं जवळजवळ सगळेच सांगतात. ते खरं आहे, जमत नाही.

नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांना सरकारी कर्ज मिळतं, पण २०२५ च्या कायद्याने ग्रॅड प्लस हे मोठं कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना बंद केलं. पदव्युत्तर कर्जाची सर्वसाधारण मर्यादा वर्षाला २०,५०० आणि एकूण १,००,००० डॉलर. तुमचा अभ्यासक्रम कोणत्या गटात धरला आहे आणि उरलेली रक्कम त्यांचे विद्यार्थी कशी उभी करतात, हे आर्थिक मदत कार्यालयाला लेखी विचारा. नागरिक असाल तर नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअरची शिष्यवृत्ती आहे. त्या बदल्यात डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात काही वर्षं सेवा द्यावी लागते. माझ्या मते पीएसाठी यापेक्षा चांगला सौदा नाही.

एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर किंवा एच-फोरवर असाल तर आधी विचारा की तुम्हाला घेतात का. बरीच कॉलेजं फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच घेतात. भारतातून घर गहाण टाकून येण्याचा विचार असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. पीएचा अभ्यासक्रम एसटीईएम या विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या सरकारी यादीत नाही, म्हणजे एफ-वनवर शिकल्यानंतर कामाला मुदत एकच वर्ष. तेवढ्यात एच-वन हा नोकरीचा व्हिसा मिळवावा लागतो, आणि त्यासाठी अमेरिकेत शिकलेल्यांनाही व्हिसास्क्रीन नावाचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. हे ऐनवेळी कळल्याने हातची नोकरी गेलेली मुलगी मी पाहिली आहे.

पहिलं वर्ष: पुस्तकांचं

अभ्यासक्रम साधारण २४ ते २७ महिन्यांचा, काही ठिकाणी त्याहून लांब. पहिले बारा ते पंधरा महिने वर्गात, रोज सकाळी आठ ते पाच, दर आठवड्याला परीक्षा. प्रवाह एवढा जोरात असतो की एक आठवडा मागे पडलात तर हाताला काठ लागत नाही. पाठांतराची आपली सवय औषधांच्या नावांना उपयोगी पडते, पण प्रश्न येतो तो असा: बासष्ट वर्षांचे गृहस्थ, काल रात्रीपासून धाप, पाय सुजलेले, आता पुढे काय कराल? म्हणून चौघांचा गट करा आणि रोज एकाने रुग्ण व्हा. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा एकमेकांना विचारणं कामी येतं.

शवविच्छेदनाचा पहिला दिवस मला तपशिलासकट आठवतो. फॉर्मलिनचा वास, निळे गाऊन, टेबलावर पांढऱ्या कापडाखाली झाकलेली माणसं. आमच्या बाईंनी कात्री हातात घ्यायच्या आधी सगळ्यांना थांबवलं आणि छोटी प्रार्थना केली: ज्यांनी आपलं शरीर आम्हाला शिकायला दिलं त्यांच्यासाठी, त्यांच्या घरच्यांसाठी. माझ्या शेजारी एक मुस्लिम मुलगा होता, त्याने तळवे वर केले. मी हात जोडले. कोणी कोणाकडे वळून बघितलं नाही. तिथून पुढे परीक्षेआधी कोणी प्रार्थना केली तर मला कधी अवघडल्यासारखं झालं नाही. एकदा जाडजूड पुस्तक माझ्या पायाला लागलं आणि मी ते कपाळाला लावलं, तर वर्गमैत्रिणीने कारण विचारून घेतलं. आठवड्याभराने तिचा पाय वहीला लागला तेव्हा तिनेही तसंच केलं.

घर सांभाळून शिकणाऱ्यांना एक सांगणं: या वर्षात सणवार सगळे करायचा हट्ट सोडा. मंडळाच्या गणपतीला आरतीपुरतं जा. पोळ्या विकतच्या चालतात. सासू-सासरे येणार असतील तर दुसऱ्या वर्षी बोलवा.

दुसरं वर्ष: माणसांचं

पुढचं वर्ष रोटेशनचं. कुटुंबवैद्यक, अंतर्वैद्यक, शस्त्रक्रिया, आपत्कालीन विभाग, बालरोग, स्त्रीआरोग्य, मानसिक आरोग्य, प्रत्येकी चार ते सहा आठवडे. गाडी लागतेच. जागा दोनशे मैलांवरही मिळू शकते, तेव्हा आसपासच्या महाराष्ट्र मंडळात शब्द टाकून ठेवा. मी सहा आठवडे एका अनोळखी जोशी कुटुंबाच्या तळघरात राहिले, आणि त्या काकूंनी रोज रात्री दहाला वरण-भात झाकून ठेवला.

कॅथलिक रुग्णालयांत बिशपांचे नीतिनियम लागू असतात. गर्भनिरोधनासाठी उपचार, नसबंदी, गर्भपात तिथे होत नाहीत. परीक्षेत मात्र गर्भनिरोधनाचे प्रश्न येतात आणि पुढे रुग्णही येतात. म्हणून स्त्रीआरोग्याचं रोटेशन कुठे होणार आणि हा भाग कोण शिकवणार, हे प्रवेशाच्या वेळीच विचारा. त्यात उद्धटपणा नाही.

आणि आता तो प्रसंग, जो ख्रिस्ती रुग्णालयात तुमच्यावर येणारच. रुग्ण तुमचा हात धरून म्हणेल, “माझ्यासाठी प्रार्थना कर.”

मला हे पहिल्यांदा झालं ते पहाटे चार वाजता, हृदयविकाराचा झटका आलेल्या एका बाईंपाशी. माझ्या गळ्यात मंगळसूत्र, छातीवर विद्यापीठाचा बिल्ला. मी म्हणाले, “मी हिंदू आहे. तुम्ही प्रार्थना करा, मी तुमच्यासोबत थांबते. पाद्रींना बोलावू का?” त्यांनी मान हलवली, हात सोडला नाही, आणि हळू आवाजात स्वतःच बोलत राहिल्या. मी मॉनिटरकडे न बघता तिथे उभी राहिले. दोन मिनिटं असतील. नंतर माझ्या प्रिसेप्टरने, म्हणजे तिथे मला शिकवणाऱ्या वरिष्ठांनी, एवढंच सांगितलं, की बरोबर केलंस, आणि पुढच्या वेळी चॅपलिनचा, म्हणजे रुग्णालयातल्या पाद्रींचा, नंबर खिशात ठेव.

स्वतःहून कोणाला प्रार्थना देऊ करायची नाही, स्वतःचा धर्म सांगायचा नाही, आणि विचारलं तर खोटं बोलायचं नाही. रुग्णाच्या श्रद्धेबद्दल विचारायची एक साधी पद्धत डॉ. क्रिस्टिना पुचाल्स्की यांनी बसवली आहे, ‘फायका’ नावाने ती शिकवतात: श्रद्धा कशावर आहे, आजारात तिला किती महत्त्व आहे, सोबतीला कोणता समाज आहे, आणि आम्ही याची दखल उपचारांत कशी घ्यावी. ती आपल्या लोकांनाही फार लागू पडते. चतुर्थीच्या उपासाला इन्सुलिन तेवढंच घेऊन चक्कर येऊन पडलेल्या काकू मला पुढे भेटल्या. हा प्रश्न त्यांना आधी कोणीच विचारला नव्हता.

बरीच ख्रिस्ती विद्यापीठं परदेशात वैद्यकीय सेवेच्या सहली नेतात. जावं, डोळे उघडतात. पण इथे विद्यार्थी म्हणून जे करायची परवानगी नाही ते तिथे गरीब माणसावर करायचं नाही. आणि व्हिसावर असाल तर परत येण्याची कागदपत्रं आधी तपासून घ्या.

परीक्षा, परवाना, पहिली नोकरी

अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर सात दिवसांनंतर पॅन्स देता येते. ३०० प्रश्न, साठ-साठचे पाच भाग, प्रत्येकाला एक तास. गुण २०० ते ८०० च्या मापावर, पास व्हायला ३५०. सहा वर्षांत सहा प्रयत्न. देशभरात दहापैकी नऊहून जास्त जण पहिल्यांदाच पास होतात, तेव्हा घाबरू नका, पण पदवीदानानंतर दोन महिने भारतात फिरून येऊन मग देऊ असंही करू नका. डोकं तापलेलं असतानाच द्या. पास झाल्यावर दर दोन वर्षांनी १०० क्रेडिटचं शिक्षण आणि दहा वर्षांच्या चक्रात पुन्हा परीक्षा.

त्यानंतर राज्याचा परवाना, नियंत्रित औषधं लिहिण्यासाठी डीईए या केंद्रीय खात्याकडे नोंदणी, आणि रुग्णालयाची कागदपत्रांची तपासणी. यात सहज दोन-तीन महिने जातात. तेवढ्या घरखर्चाची तजवीज शेवटच्या सहामाहीतच करून ठेवा.

पहिल्या नोकरीचा करार हातात आला की पगाराच्या आकड्यावर थांबू नका. पहिले सहा महिने तुमच्याजवळ शंका विचारायला कोण बसणार, दिवसाला किती रुग्ण, हे लिहून घ्या. आणि गैरउपचाराच्या दाव्यांचा विमा कोणत्या प्रकारचा आहे ते विचारा. दावा येईल तेव्हा चालू असलेला विमाच फक्त लागू होत असेल, तर नोकरी सोडल्यावर मागच्या कामाचं संरक्षण संपतं. ते पुढे चालू ठेवायला ‘टेल’ विकत घ्यावा लागतो आणि तो महाग असतो. तो मालकाने भरावा, ही ओळ करारात घालून घेतल्याशिवाय सही करू नका.